देवाची कृपा म्हणजे ग्रेस मार्क नव्हेत

दहावीचा निकाल लागला की आमच्या भागात एक वाक्य हमखास कानावर येतं: "गणितात ग्रेसनं सुटला." पस्तीस लागतात, बत्तीस पडले, बोर्डानं वरचे तीन दिले आणि पोरगं पास झालं. पेढेही वाटले जातात, पण जरा दबक्या आवाजात. अशाच एका निकालानंतरच्या रविवारी संडे स्कूलमधल्या एका मुलानं मला विचारलं, "टीचर, देवाची ग्रेसपण अशीच असते का? आपण थोडे कमी पडलो की देव वरचे मार्क टाकतो?"

मी त्याला घाईघाईत "नाही रे, तसं नसतं" एवढंच म्हणाले. मग कसं असतं, हे सांगायला मला वेळ लागला. कारण उपासनेत 'कृपा' हा शब्द आपण मोठ्यानं गातो आणि घरी आल्यावर हिशोबाची वही उघडतो. प्रार्थना किती दिवस चुकली, देवाला द्यायचा दशमांश किती राहिला, रागाच्या भरात कुणाला काय बोललो. पासिंगपुरते मार्क जमले असतील का, याची धाकधूक भल्या भल्या विश्वासणाऱ्यांच्या मनात असते.

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, साठीच्या पुढच्या एक मावशी आहेत. महिन्याच्या पहिल्या रविवारी, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून, प्रभुभोजन असतं. भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे छोटे ग्लास पांढऱ्या कापडाखाली झाकून ठेवलेले असतात. पाळकसाहेब ते कापड उचलायला लागले की मावशी पदर सावरत उठायच्या आणि मागच्या दारानं बाहेर जायच्या. मला वाटायचं, घरी स्वयंपाकाची घाई असेल. एकदा मी मागोमाग गेले. मावशी नळाजवळ उभ्या होत्या. म्हणाल्या, "बाई, नवरा पिऊन येतो. मी रोज रात्री त्याला नाही नाही ते बोलते. ज्या तोंडानं शिव्या देते, त्याच तोंडानं प्रभूची भाकर कशी घेऊ?"

मुलाचा प्रश्न आणि मावशींचं नळाजवळ थांबणं, दोन्हींचं मूळ एकच आहे. म्हणून अगदी पहिल्यापासून सुरुवात करते.

न्याय, दया आणि कृपा

हे तीन शब्द आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो. आमच्याकडच्याच उदाहरणानं बघू. ऊसतोडीला जाणाऱ्या एखाद्या गड्यानं मुकादमाकडून उचल घेतली आणि ऐन हंगामात कामावर गेलाच नाही. मुकादमानं पै न् पै वसूल केली, तर तो न्याय. "जाऊ दे, तुझी अडचण मला माहीत आहे," म्हणून उचल सोडून दिली, तर ती दया. आणि उचल तर सोडलीच, वर त्याच गड्याला घरी बोलावून आपल्या पंगतीला बसवलं, त्याच्या मुलीच्या शाळेची फी भरली, तर ती कृपा. दयेत शिक्षा टळते. कृपेत शिक्षा टळून शिवाय असं काही पदरात पडतं, ज्यावर आपला कसलाच हक्क नव्हता.

बायबलमधला नवा करार मुळात ग्रीक भाषेत लिहिला गेला. तिथे कृपेसाठी 'खारिस' हा शब्द आहे. गंमत म्हणजे त्याच शब्दात देणगीचाही अर्थ आहे आणि आभाराचाही. देणाऱ्याच्या हातातलं आणि घेणाऱ्याच्या ओठावरचं, दोन्ही एका शब्दात. प्रभुभोजनाचं जुनं ग्रीक नाव 'युखारिस्त', म्हणजे आभारप्रदर्शन, त्यातही हाच शब्द दडलाय. जुन्या करारातला हिब्रू शब्द 'हेसेद' आणखी खोल जातो. दिलेला शब्द समोरच्यानं मोडला तरी आपण न मोडणारं प्रेम, असा त्याचा भाव. स्तोत्र १३६ मध्ये २६ ओव्या आहेत आणि प्रत्येक ओवी 'त्याची दया सनातन आहे' या ध्रुवपदावर येऊन थांबते. तिथे 'दया' म्हणून आपण वाचतो, तो मूळ शब्द हाच.

मग देवाची प्रीती आणि देवाची कृपा यांत फरक काय? मला उमगलंय ते असं: प्रीती हा देवाचा स्वभाव आहे. त्या प्रीतीच्या दारात लायकी नसलेला माणूस येऊन उभा राहतो, तेव्हा ती जे करते त्याला कृपा म्हणतात.

मार्कांचं उदाहरण कुठे फसतं

ग्रेस मार्क मिळायला आधी बत्तीस पडावे लागतात. आठ मार्क मिळालेल्याला बोर्ड काही वरचे सत्तावीस देत नाही. म्हणजे तिथे मुख्य कमाई मुलाची असते आणि राहिलेली फट बोर्ड भरतं. देवाबद्दलही आपण असंच धरून चालतो की बरंचसं मी करायचं आणि उरलेलं तो सांभाळून घेईल.

प्रेषित पौल मात्र नव्या करारातल्या, रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगतो की आपण अजून पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला. सुधारल्यावर नव्हे, सुधारू लागल्यावरही नव्हे. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तर तो पळवाटच ठेवत नाही. तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, ते देवाचं दान आहे, आपल्या कर्मांचं फळ नाही, म्हणजे कुणाला फुशारकी मारायला जागा उरू नये. इथे 'विश्वास' म्हणजेही काही नवीन कमाई समजायची नाही. कुणी जेवणाचं ताट पुढे केलं की आपण हात पुढे करतो. त्या हात पुढे करण्यानं स्वयंपाक झालेला नसतो.

येशूनं हे समजावताना परीक्षेचं किंवा कचेरीचं उदाहरण घेतलं नाही. त्यानं एका घरातली गोष्ट सांगितली.

धावत सुटलेला बाप

लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातली उधळ्या पुत्राची गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे, आणि पाठ आहे म्हणूनच त्यातल्या बारीक जागा निसटतात. धाकट्यानं बाप जिवंत असताना वाटणी मागितली. वाटण्यांवरून घरं फुटलेली आपण पाहिलीत, तेव्हा त्या मागणीतली जखम आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. पैसे उडाले, दुष्काळ पडला, डुकरं राखायची वेळ आली. तेव्हा त्यानं परत जायचं ठरवलं आणि वाटेसाठी भाषण तयार केलं. त्या भाषणात तीन गोष्टी होत्या. मी पाप केलं आहे. तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा मी राहिलो नाही. मला तुमच्या एखाद्या मजुरासारखं ठेवा.

आता अठरावी-एकोणिसावी आणि एकविसावी ओवी शेजारी शेजारी ठेवून वाचा. बापासमोर आल्यावर तो पहिली गोष्ट बोलतो, दुसरी बोलतो आणि तिसरी त्याच्या तोंडून निघतच नाही, कारण तोवर बाप चाकरांना हाका मारू लागलेला असतो: उत्तम झगा आणा, बोटात अंगठी घाला, पायांत जोडा घाला. मजूर म्हणून ठेवा, हे वाक्य घशातच राहतं. मला पूर्वी वाटायचं की बापानं ते ऐकून नाकारलं. आता वाटतं, त्या घरात ते वाक्य बोलायला जागाच नव्हती.

आणि बाप धावला. आपल्या गावात धोतर नेसणारा, चार माणसांत मान असलेला म्हातारा भर रस्त्यात धावताना कुणी पाहिलाय? त्या काळच्या त्या मुलखातही अब्रूदार वडीलधारी माणसं धावत नसत. धावताना कपडे वर खोचावे लागतात, पाय उघडे पडतात, लोक बघतात. मुलाची लाज झाकायला बापानं आपली लाज बाजूला ठेवली.

या गोष्टीतला थोरला मुलगा मात्र मला जास्त अस्वस्थ करतो. तो घर सोडून कधी गेला नाही. पण आनंदाचा सोहळा पाहून रागावतो आणि बापाला ऐकवतो की इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय, तुम्ही मला साधं करडूही दिलं नाही. चाकरी, मोबदला, करडू. धाकटा परक्या मुलखात राहून मजुरीची भाषा शिकला होता, थोरला बापाच्या घरात राहून तीच भाषा बोलत होता. आम्हा जुन्या ख्रिस्ती घराण्यांतल्या लोकांचं दुखणं बहुतेक वेळा हे दुसरं असतं.

फुकट असेल तर पैसे कोण भरतं?

हा प्रश्न रास्त आहे. राज्यात २०१७ साली दीड लाखापर्यंतची आणि २०१९ साली दोन लाखांपर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली, तेव्हा शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावरचा बोजा उतरला. पण बँकेचे पैसे हवेत विरले नाहीत. ते सरकारच्या तिजोरीतून भरावे लागले. कर्ज माफ होतं तेव्हा ते कुणीतरी अंगावर घेतलेलं असतं.

ख्रिस्ती विश्वासात वधस्तंभाचं, म्हणजे येशूच्या क्रुसावरच्या मरणाचं, स्थान हेच आहे. देवानं पापाकडे काणाडोळा केला, "चालायचंच" म्हणाला, असं नाही. माणसानं माणसावर केलेला अन्याय, मोडलेला शब्द, उद्ध्वस्त केलेली घरं, या सगळ्याची किंमत त्यानं स्वतःवर घेतली. ज्याच्या घरात कुणी दारूपायी सगळं धुळीला मिळवलंय आणि तरी कुणी त्याला रोज जेवू घालतंय, त्याला हे कळतं. माफ करणाऱ्याला माफी कधीच फुकट पडत नाही.

सरकारी कर्जमाफी आणि कृपा यांत एक मोठा फरकही आहे. तिथे निकष असतात, याद्या लागतात, आधारचा अंगठा जुळावा लागतो, आणि २०१९ च्या माफीत तर दोन लाखांच्या वर एक रुपया गेला तरी माणूस अडकला. देवाच्या यादीला अशी वरची मर्यादा नाही.

"मग नियमित फेडणाऱ्यांनी काय पाप केलं?"

कर्जमाफी आली की हा सवाल गावोगावी उठतो, आणि तो चुकीचाही नाही. नियमित फेडणाऱ्यांसाठी सरकारला ५० हजारांपर्यंतचं प्रोत्साहन अनुदान जाहीर करावं लागलं ते याचमुळे. मंडळीतही हेच ऐकू येतं. जन्मभर बाटली सोडली नाही असा माणूस शेवटच्या आजारपणात देवाकडे वळतो, आणि चाळीस वर्षं घंटा वाजायच्या आधी देवळात येणारे मनात म्हणतात, हे बरं आहे.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायात येशूनं यावरच गोष्ट सांगितली आहे. मळ्याचा मालक पहाटे मजूर आणायला जातो. मग नऊला, बाराला, तीनला, आणि शेवटी संध्याकाळी पाचला पुन्हा जातो. पाचला उभ्या असलेल्यांना तो विचारतो, दिवसभर इथे रिकामे का? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामाला लावलं नाही. ज्यानं मजूर नाका पाहिलाय त्याला हे उत्तर लागतं. पाच वाजेपर्यंत नाक्यावर कोण उरतं? म्हातारे, हडकुळे, एका हातानं अधू असलेले. मालक सगळ्यांना एकच दिनार देतो. दिनार म्हणजे त्या वेळची एका दिवसाची मजुरी, एका घराची त्या दिवसाची चूल. पाचला आलेल्याच्या पोरांना काही एक बाराव्या हिश्शाची भूक लागत नाही.

पहाटे आलेल्यांचा एक पैसाही मालकानं कापला नाही, ठरला तेवढा दिला. त्यांना खुपलं ते दुसऱ्याला मिळालेलं. आणि मी स्वतःला पहाटे आलेल्यांत का धरते, हा प्रश्न ही गोष्ट शिकवताना मला दरवेळी पडतो.

"कृपा आहेच, तर हवं तसं वागू या की"

हा आक्षेप इतका जुना आहे की पौलानं रोमकरांसच्या सहाव्या अध्यायात तो स्वतःच मांडून खोडून काढलाय. जर्मन पाळक डीट्रिख बोनहॉफर यांनी १९३७ साली याला नाव दिलं, 'स्वस्त कृपा'. पश्चात्तापाशिवाय क्षमा, शिष्यत्वाशिवाय तारण, म्हणजे स्वस्त कृपा. हिटलरच्या राजवटीला विरोध केल्यामुळे ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी दिली गेली. कृपेवर विश्वास ठेवणारा माणूस सैल वागतो, या म्हणण्याला त्यांचं आयुष्यच उत्तर आहे.

येशूनं याचं मोजमापही देऊन ठेवलंय. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या एका चाकरावर राजाचं दहा हजार तालांत कर्ज असतं. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार. गुणाकार केला तर सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं. राजा ते सगळं माफ करतो. बाहेर पडताच त्या चाकराला त्याचे शंभर दिनार देणं असलेला सोबती भेटतो, आणि हा त्याची मानगूट धरतो. शंभर दिनार ही काही क्षुल्लक रक्कम नाही. शंभर दिवसांचा घाम आहे तो, म्हणून आपल्याला झालेल्या जखमाही खोट्या नसतात. पण दोन लाख वर्षांचं ओझं उतरलेला माणूस शंभर दिवसांसाठी दुसऱ्याचा गळा धरतो, तेव्हा काय घडलं हे त्याला कळलेलंच नसतं. कृपा मनात उतरली की नाही, हे आपले हात बघून ओळखायचं.

पंडिता रमाबाईंनी ते अशाच हातांवरून ओळखलं. १८८३ साली इंग्लंडला गेल्यावर वाँटेजच्या धर्मभगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमच्या आश्रमात पाठवलं. समाजानं 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रिया तिथे राहत होत्या, आणि या भगिनी त्यांची मायेनं सेवा करत होत्या. रमाबाईंनी विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तरादाखल त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची, म्हणजे लोक जिला तुच्छ मानत तिच्याशी येशू विहिरीवर आपणहून बोलला ती, कथा वाचून दाखवण्यात आली. पुढे दुष्काळात रमाबाईंनी शेकडो अनाथ मुली आणि विधवा गोळा करून केडगावला आणल्या, त्यांच्या आसऱ्यासाठी 'मुक्ती' ही संस्था उभी केली. तिथल्या भिंतींमागे फुलहॅममधला तो प्रश्न आहे.

"मग माझ्याच वाट्याला हे का?"

इथे मी जपून लिहिते, कारण दुःखात असलेल्या माणसाला व्याख्या सांगू नये. एवढंच म्हणेन की आजार, नापास होणं, पीक जळणं ही देवाच्या नाराजीची पावती आहे, असं येशूनं मानलं नाही. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी विचारलं, पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? येशू म्हणाला, यानंही नाही आणि यांनीही नाही. पौलानं आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. उत्तर आलं ते, माझी कृपा तुला पुरे आहे. हे उत्तर पचायला सोपं नाही, आणि दुसऱ्याच्या पलंगाशी उभं राहून ते सुनावणं तर बरंच नाही.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचं यावर जमतं का?

वसईच्या मैत्रिणी मला हे विचारतात. १५१७ साली मार्टिन ल्यूथरनं पेटवलेला वाद मुळात याच मुद्द्याचा होता: माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो कशामुळे? त्यावरून शतकानुशतकं फाटाफूट झाली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्ग इथे कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक संघ यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे तर केवळ कृपेनं देव आपल्याला स्वीकारतो, आणि तीच कृपा आपल्याला सत्कर्मांसाठी उभं करते, हे दोघांनी मिळून मान्य केलं. संस्कारांबद्दल आणि इतर बऱ्याच बाबतीत मतभेद आजही आहेत. या मूळ गाभ्यावर मात्र भांडायचं कारण उरलेलं नाही.

पुन्हा नळाजवळ

मावशी ज्या वचनाला घाबरून बाहेर जायच्या, ते १ करिंथकरांस अकराव्या अध्यायातलं आहे. जो अयोग्य प्रकारे ही भाकर खाईल तो दोषी ठरेल. आमच्या पिढ्यान् पिढ्या ते वाक्य 'अयोग्य माणसानं खाऊ नये' असं ऐकत आल्या. पण पौलाचा शब्द खाणाऱ्याच्या लायकीबद्दल नाही, खाण्याच्या पद्धतीबद्दल आहे. त्याच अध्यायात थोडं वर वाचलं की प्रकार कळतो. करिंथात सुखवस्तू लोक आधीच येऊन पोटभर खात-पीत होते आणि गोरगरीब उपाशी राहत होते. ती अयोग्य पद्धत. पुढे पौल म्हणतो, माणसानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी. उठून जावं, असं त्यानं कुठेही लिहिलेलं नाही.

मी मावशींना हे सगळं एकदम सांगितलं नाही. त्यांच्या घरी गेले, चहा झाला, आणि पवित्र शास्त्र उघडून तो अध्याय वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचला. 'मग ती भाकर खावी' इथे त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. नंतर बराच वेळ गप्प बसल्या. मी निघताना म्हणाल्या, "शिव्या काही आजच्या आज सुटायच्या नाहीत हो."

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या उठल्या नाहीत, पण ताट आलं तेव्हा मान हलवून त्यांनी ते पुढे जाऊ दिलं. त्यापुढच्या महिन्यात मी दोन बाकं मागे बसले होते. ताट त्यांच्यापर्यंत आलं. त्यांनी दोन्ही हात पदराला पुसले, कणीक मळून उठल्यावर पुसतात तसे, आणि एक तुकडा उचलला.